टाइमावरची गाडी

आगगाडीचा वेग डब्यात बसल्या बसल्या मोजायची एक युक्ती आहे. आता ती फारशी चालत नाही, पण मी लहान असताना चालायची. आपल्याकडच्या ब्रॉडगेज रुळाचा एक तुकडा १३ मीटरचा. दोन तुकडे जिथं फिशप्लेटनं जोडलेले असतात, तिथून चाक गेलं की 'खट्' वाजतं. घड्याळ लावायचं आणि ४७ सेकंदांत असे किती 'खट्' होतात ते मोजायचे. जितके होतील, तितका गाडीचा ताशी वेग किलोमीटरमध्ये. तेराला ३.६ नं गुणलं की ४६.८ येतात, म्हणून ४७. हे गणित मला पुष्कळ उशिरा उमगलं. तोवर माझी खात्री होती की सत्तेचाळीस हा आकडा स्वातंत्र्याच्या सालावरून घेतलाय.

बाबा मध्य रेल्वेत पीडब्ल्यूआय होते. म्हणजे रूळ, स्लीपर, खडी आणि फिशप्लेटा सांभाळणाऱ्या गँगचे साहेब. आजीकडे नाशिकला जाताना मी मोजायची आणि ते घड्याळ बघायचे. 'अठ्ठावन्न,' मी म्हणायची. 'बासष्ट. चार झोपेत सुटले तुझे.' स्वतः मात्र ते झोपेतही ऐकत असायचे. एखादा सांधा वेगळा वाजला की कूस बदलून पुटपुटायचे, 'पॅकिंग गेलंय इथलं.' म्हणजे स्लीपरखाली ठासलेली खडी सैल झालीय. आणि परत घोरायला लागायचे.

हे सगळं आठवायचं कारण एक गाणं. ते अमेरिकेतलं, एका अमेरिकन गाडीवरचं. बाबांना त्यातलं इंग्रजी धड कळलं नाही आणि संगीतातलं त्यांना काही कळतं असा त्यांचाही दावा नाही. पण त्या गाण्याबद्दल त्यांनी जे दोन-तीन शेरे मारले, तितकं नेमकं मला त्याआधी कुणीच सांगितलं नव्हतं.

मी गेली बरीच वर्षं नॉर्थ कॅरोलायनातल्या कॅरी गावात राहते. शेजारचं राली हे राजधानीचं शहर. २०१३ ते २०२४ या काळात दर सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमाराला तिथं ब्लूग्रास संगीताचा, म्हणजे अमेरिकेतल्या तारवाद्यांच्या लोकसंगीताचा, मोठा उत्सव भरायचा. मुख्य रस्त्यावरची वाहतूक बंद, ठिकठिकाणी मंच, मक्याची कणसं, भाजलेल्या मांसाचा धूर, आणि प्रत्येक कोपऱ्यावर बॅन्जो, मॅन्डोलिन, फिडल. त्यातल्याच एका वर्षी आईबाबा इथं आले होते. आई नातवाबरोबर घरी थांबली. बाबा टोपी घालून माझ्याबरोबर निघाले, बहुतेक चालायला मिळेल एवढ्याच आशेनं.

एका कोपऱ्यावर सोळा-सतरा वर्षांचा एक मुलगा फिडल वाजवत होता. फिडल म्हणजे आपलं व्हायोलिनच. वाद्य तेच, बोली वेगळी. गर्दीतून कुणीतरी ओरडलं, 'ऑरेंज ब्लॉसम स्पेशल!' त्याच्या मागच्या बॅन्जोवाल्यानं, आपल्याकडे ऑर्केस्ट्रात फर्माइशीची तीच ती चिठ्ठी चौथ्यांदा आल्यावर निवेदकाचं जे तोंड होतं, तसं तोंड केलं. फिडलवाल्यांचं राष्ट्रगीत म्हणतात याला. वाजवून वाजवून वीट आलेला असतो, पण न वाजवता सुटका नाही.

आधी शिट्टी. दोन तारांवर एकदम बोटं ठेवून खालून वर घसरत नेलेला, थोडा किंचाळणारा सूर. आमचे व्हायोलिनच्या क्लासचे सर याला 'घसीट' म्हणायचे आणि शाळकरी मुलांनी ती करू नये म्हणायचे. मग गज छोट्या छोट्या झटक्यांनी चालायला लागतो, इंजिन दम घेतंय असा, हळूहळू वेग धरत. पांढरी तीनमध्ये हे सगळं चालू असताना गाणं अचानक पांढरी सहात उडी मारतं आणि मग तो प्रसिद्ध प्रकार सुरू होतो. गज दोन-तीन तारांवर पाळण्यासारखा झुलतो आणि ठोका पडतो तीन, तीन, दोन, तीन, तीन, दोन. आठ मात्रांचाच हिशेब, पण वजन अशा जागी पडतं की पाय फसतो. मनगट सैल नसेल तर दहा सेकंदांत हात भरून येतो. त्या पोराचं मनगट पाण्यासारखं होतं. वेग वाढत गेला, गजाचे दोन-चार केस तुटून हवेत लोंबायला लागले, लोक टाळ्यांनी ठेका धरून ओरडायला लागले. मीही ओरडले.

बाबा कान देऊन ऐकत होते. टाळ्या संपल्यावर म्हणाले, 'ड्रायव्हर मेकअप करतोय.'

रेल्वेत मेकअप म्हणजे लेट झालेली गाडी पुढं दामटून वेळ भरून काढणं. मी इतकी हसले की त्या पोराला वाटलं, त्यालाच हसतेय.

घरी जाताना गाडीत मी त्यांना त्याच गाण्याचं दुसरं रूप लावून दिलं. जॉनी कॅशचं, १९६५ सालचं.

कॅश हा कंट्री संगीतातला मोठा माणूस. काळे कपडे, खर्जातला आवाज, आणि एकच एक ठेका. पण या गाण्याच्या वाटेला त्यानं जावं याचं नवल वाटावं, कारण फिडल हे त्याचं वाद्यच नव्हतं. ज्या गाण्याची सगळी मिरास फिडलवर, जे बहुतेक ब्लूग्रासवाले शब्द टाकून नुसतं वाजवतात, ते त्यानं घेतलं आणि त्यातलं फिडलच काढून टाकलं. वडापावातून वडा काढावा तसं. त्या जागी माउथ ऑर्गन आला आणि मध्ये सॅक्सोफोन. रेकॉर्डवर माउथ ऑर्गन चार्ली मकॉयचा आणि सॅक्सोफोन बूट्स रँडॉल्फचा. आणि शब्द, जे लोक विसरूनच गेले होते, ते कॅशनं नीट, सावकाश, एखाद्यानं फलाटावर बातमी सांगावी तसे म्हटले. कंट्रीच्या यादीत गाणं तिसऱ्या क्रमांकापर्यंत चढलं. अल्बमलाही त्याचंच नाव दिलं गेलं.

मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला ते आवडलं नव्हतं, हे सांगून टाकते. मला ते कोरडं वाटलं. सहा वर्षं डोंबिवलीत व्हायोलिनच्या क्लासला गेलेल्या बाईला, फिडल काढून टाकलेलं फिडलचं गाणं का आवडावं? आमच्याकडे उलटा संस्कार. घरी प्रभाकर जोगांच्या 'गाणारे व्हायोलिन'ची कॅसेट होती. त्यात शब्द नाहीत, गायक नाही, नुसतं व्हायोलिन, आणि तरी प्रत्येक अक्षर ऐकू यायचं. ऱ्हस्व-दीर्घ, मधला श्वास, सगळं. सर म्हणायचे, 'गजानं शब्द उच्चारता आला पाहिजे.' माझा गज कधी धड बोबडाही बोलला नाही ती गोष्ट निराळी. पण शब्दांचं गाणं वाद्यात नेणं ही चढण आहे, अशी माझी पक्की समजूत होती. वाद्याचं गाणं परत शब्दांत आणणं मग उतरणच नाही का?

तर गाडीत कॅश चालू होता. सिग्नल आला तेव्हा बाबा म्हणाले, 'ही टाइमावर आहे.'

'म्हणजे?'

'अगं, तो पोरगा वेग वाढवत होता. हा वाढवत नाहीये. ही रोजची गाडी आहे. वेळापत्रकातली.'

पुढचा सिग्नल येईपर्यंत काही बोलले नाहीत. मग म्हणाले, 'शिवाय त्या गाण्यात आपण फलाटावर उभे होतो. शिट्टी लांबून येते, मोठी होते, गाडी अंगावरून जाते. यात आपण डब्यात बसलोय.'

मी गाणं पहिल्यापासून लावलं. आणि खरंच, खालून जो ठेका येतो तो इंजिनाचा नाहीच, तो सांध्यांचा आहे. 'बूम-चिका-बूम' म्हणतात लोक त्याला. मार्शल ग्रँटचा बास 'बूम' आणि ल्यूथर पर्किन्सच्या गिटारच्या दाबून धरलेल्या तारा 'चिका'. खट्-खटाखट्. तुम्ही बसलाय, खिडकीबाहेर शेतं सरकतायत, शिट्टी ऐकू येतेय पण ती पुढं, इंजिनाशी, आपल्यापासून दहा डबे लांब.

बाबांचा हा सिद्धांत काही काटेकोर नाही. माउथ ऑर्गनची शिट्टी कॅशच्या गाण्यातही पुरेशी किंचाळते. पण तो एकदा डोक्यात बसला की गाणं तसंच ऐकू यायला लागतं. माझं तेच झालं.

घरी पोचल्यावर मी त्यांना त्या ठेक्याची एक गंमत सांगितली. सुरुवातीच्या दिवसांत, म्हणजे मेंफिसच्या सन रेकॉर्ड्समध्ये असताना, कॅशच्या चमूत ड्रम नव्हता. तिघंच जण. १९५६ सालच्या एका प्रसिद्ध रेकॉर्डसाठी कॅशनं कागदाची घडी आपल्या गिटारच्या तारांमध्ये अडकवली. वाजवताना तारा कागदाला घासायच्या आणि 'खस् खस्' असा ड्रमच्या जाळीसारखा आवाज यायचा. बाबांना हे फार आवडलं. लगेच उठून टेबलावरची विजेच्या बिलाची पाकिटं चाचपायला लागले. माझ्या मुलाच्या गिटारला दुसऱ्या दिवशी कागद अडकवलेला सापडला. तो चिडला. आजोबांनी हात वर केले.

आता थोडं खुद्द त्या गाडीबद्दल. 'ऑरेंज ब्लॉसम स्पेशल' खरोखरची गाडी होती. सीबोर्ड एअर लाइन रेल्वे नावाच्या कंपनीनं ती नोव्हेंबर १९२५ मध्ये सुरू केली. (एअर लाइन म्हणजे विमान नव्हे. जुन्या इंग्रजीत सरळ रेषेत जाणारा मार्ग. बाबांना हे तीनदा सांगावं लागलं.) न्यूयॉर्कहून फ्लोरिडाला, फक्त हिवाळ्यात. उत्तरेत बर्फ पडायला लागलं की श्रीमंत माणसं उन्हाला जायची, त्यांच्यासाठी. सगळे डबे झोपण्याचे, ऐषारामी. रिचमंडनंतर राली, मग हॅम्लेट (हे जॉन कोल्ट्रेनचं जन्मगाव), पुढं कोलंबिया, सव्हाना, जॅक्सनव्हिल, करत करत मायामी. म्हणजे माझ्या घरापासून दीड मैलावर जे रूळ आहेत, त्यावरून ती जायची. दुसऱ्या महायुद्धात ती बंद ठेवली होती, पुन्हा सुरू झाली, आणि १९५३ साली कायमची थांबली.

१९३८ साली या गाडीला डिझेल इंजिनं लागली. संत्री-मोसंब्यांचे रंग दिलेली: हिरवा, पिवळा, नारिंगी. त्याच वर्षी एर्विन राऊझ नावाच्या फिडलवाल्यानं गाण्याची स्वामित्वनोंद केली. तेव्हा फिडलवर जी वाफेच्या इंजिनाची शिट्टी वाजते, ती मारणारं इंजिन या गाडीपुढून त्याच सुमाराला हटत होतं. डिझेलला शिट्टी नसते, भोंगा असतो. 'भोंगा फिडलवर कोण वाजवणार!' बाबा म्हणाले.

राऊझ इथलाच, नॉर्थ कॅरोलायनाचा, जन्म १९१७. भावांबरोबर वाजवत गावोगाव फिरायचा. १९३९ साली त्यानं भाऊ गॉर्डनबरोबर न्यूयॉर्कला जाऊन गाणं रेकॉर्ड केलं. दोन वर्षांनी ब्लूग्रासचा जनक मानल्या जाणाऱ्या बिल मन्रोनं आपल्या ब्लू ग्रास बॉइजबरोबर केलं, फिडलवर आर्ट वूटन. तिथून गाणं सुटलं ते सुटलंच.

गाणं कुणाचं, यावर मात्र पुढं वाद झाला. चबी वाइज हा जॅक्सनव्हिलचा टॅक्सी ड्रायव्हर. तो नंतर मन्रोकडे गेला आणि ब्लूग्रासमधल्या थोर फिडलवाल्यांत गणला गेला. त्याचं म्हणणं असं की तो आणि राऊझ पहाटे तीन वाजता जॅक्सनव्हिल स्टेशनात ती चकचकीत गाडी आतून बघून आले आणि त्याच्या घरी पलंगाच्या कडेला बसून तासाभरात दोघांनी मिळून धून बांधली. शब्दांत आपल्याला रस नव्हता म्हणून हक्क राऊझला देऊन टाकला. कागदावर नाव एकट्या राऊझचं. पहाटे तीनला एका पलंगाच्या कडेवर काय झालं, याचा निवाडा कोण करणार? मला विचाराल तर मी कागदाच्या बाजूची. पण वाइजचं वाजवणं ऐकलं की क्षणभर वाटतं, याचंच असणार.

मला राहून राहून वाटतं ते असं की दोघांपैकी कुणाचीही त्या गाडीत बसायची ऐपत नव्हती. एक टॅक्सीवाला आणि एक रस्त्यावर फिडल वाजवून पोट भरणारा. त्यांनी धावती गाडी पाहिली ती फलाटावरूनच. अंगावरून जाणारी, दिव्यांची माळ. बाबांना यातलं काही माहीत नव्हतं तेव्हाच ते म्हणून गेले होते, 'आपण फलाटावर उभे आहोत.'

आणि कॅश? त्याची गाडी डब्यातून का ऐकू येते? जन्म १९३२, आर्कान्सा. मंदीचे दिवस. बाप कामाच्या शोधात मालगाड्यांवर चढून गावं पालथी घालायचा, तिकीट न काढता, रिकाम्या वाघिणीत बसून. कॅशनं लिहून ठेवलंय की घर रुळाला लागून होतं आणि बाप धावत्या गाडीतून उडी टाकून, चरात गडगडत, दाराशी येऊन थांबायचा. हे ज्यानं अगदी लहानपणी पाहिलं, त्याच्या लेखी आगगाडी ही लांबून बघायची शोभा असेल कशी? तिच्यातून बाप पडतो. तिच्यातूनच परत येतो.

त्याच्या रेकॉर्डमध्ये मधेच दोन भटक्यांचं बोलणं आहे, गाणं थांबवून केलेलं. फ्लोरिडाला कधी परतणार, न्यूयॉर्कात खायचे वांधे होणार नाहीत का, असल्या गप्पा, मेलो तरी बेहत्तर अशा सुरात. श्रीमंतांच्या ऐषारामी गाडीचं गाणं, आणि त्यात बोलणारे दोघं बिनतिकिटी. हे मला फिडलच्या रूपात कधी ऐकू येणं शक्यच नव्हतं, कारण तिथं कुणी बोलतच नाही. शब्द परत आणणं ही उतरण, हे माझं मत तिथंच डळमळलं. जोगांच्या व्हायोलिनमध्ये शब्द नसून ऐकू येतात कारण ते आपल्या सगळ्यांना आधीच पाठ असतात. राऊझचे शब्द कुणालाच पाठ नव्हते. ते आधी कुणीतरी म्हणायलाच हवे होते.

आपल्याकडे या 'कव्हर' प्रकाराला धड शब्द नाही, आणि त्यामागं कारण असावं. नाट्यपद असेल तर प्रत्येक गायक ते आपल्या परीनं गातो आणि त्याला कुणी कव्हर म्हणत नाही, गाणं म्हणतात. भावगीत असेल तर मात्र मूळ रेकॉर्डमधली मधली बासरीसुद्धा जागची हललेली खपत नाही. 'अगदी हुबेहूब!' ही तिथली सर्वांत मोठी दाद. कॅशनं केलं ते या दोन्हींत बसत नाही. त्यानं आपल्याला येत नव्हतं ते वगळलं, आणि येत होतं त्यावर गाणं उभं केलं. जे येत नाही ते झाकण्यात माझी व्हायोलिनची सहा वर्षं गेली.

पण त्याची मला खरी आवडलेली गोष्ट रेकॉर्डमधली नाहीच. हे गाणं करायचं ठरल्यावर त्यानं चौकशी सुरू केली की हे लिहिलं कुणी. सगळे वाजवत होते, लेखक कोण ते कुणाला धड सांगता येईना. शेवटी कार्टर कुटुंबातल्या मेबेल कार्टर (म्हणजे पुढं कॅशची सासू झाली ती) म्हणाल्या, राऊझ बंधूंचं आहे ते. राऊझ तेव्हा फ्लोरिडाच्या दलदलीच्या कडेला राहत होता. एव्हरग्लेड्सच्या बाजूला, मगरी आणि डासांच्या मुलखात. भाऊ दलदलीत चालणाऱ्या गाड्या बनवायचे. दारू होती, मनाचं आजारपण होतं. संध्याकाळी लूप रोडवरच्या गेटर हूक लॉज नावाच्या लाकडी खानावळीत तो फिडल वाजवायचा. समोर बसलेले मासेमार आणि शिकारी. ते जगभर वाजणारं गाणं याचं आहे, हे त्यातल्या किती जणांना माहीत असेल? कॅशनं मायामीतल्या एका रेडिओवाल्याला गाठून त्याचा माग काढला, आणि गाण्याच्या धन्याची गाठ घेतली.

राऊझ १९८१ साली गेला. गाडी बंद पडून तेव्हा अठ्ठावीस वर्षं झाली होती.

१३ जानेवारी १९६८ रोजी कॅशनं कॅलिफोर्नियातल्या फॉल्सम तुरुंगाच्या जेवणघरात कैद्यांसमोर दोन कार्यक्रम केले, त्यात हे गाणं आहे. तिथं मकॉय नव्हता. माउथ ऑर्गन कॅशनं स्वतः वाजवला. पण माउथ ऑर्गन एका पट्टीचा असतो आणि या गाण्याचा सूर मध्येच हलतो. म्हणून दोन. एक फुंकायचा, झटकन खाली, दुसरा तोंडाला, परत पहिला. या अदलाबदलीत एखादी मात्रा सांडली तर सांडते. फिडलवाला आपलं मनगट दाखवतो. इथं दाखवण्यासारखं काही नाही, दोन खिशातली वाद्यं आणि गडबड. समोर बसलेले लोक ना फलाटावर होते ना डब्यात. ते ज्या आवाजात ओरडतात, तो आवाज मी हेडफोन लावून ऐकू शकत नाही, काढून ठेवावा लागतो.

बाबांना मी हे ऐकवलं तेव्हा ते दाढी करत होते. त्यांनी वस्तरा थांबवला. 'ही जोरात आहे,' म्हणाले. 'पण मेकअप नाही करत. उतारावर आहे.'

त्या आठवड्यात मी पेटी उघडली. व्हायोलिनच्या तारा गंजल्या होत्या, गजाचे केस पिवळे पडले होते, रोझिनच्या वडीला तडा गेलेला. रोझिन लावलं, मांडी घातली, व्हायोलिनचं डोकं घोट्यावर टेकवलं. अमेरिकेत फिडल या बैठकीत कुणी वाजवत नसेल. तीन-तीन-दोनचा झोका जमला नाही. नवव्या मात्रेला गज दुसऱ्याच तारेवर. शिट्टी जमली, कारण ती घसीट आहे आणि क्लासमध्ये बंदी असल्यामुळे आम्ही सगळ्यांनी ती चोरून भरपूर केली होती. मग सुचलं म्हणून नुसती खर्जाची तार घेतली आणि गजाच्या मुठीजवळच्या चार बोटं केसांनी 'खट्-खटाखट्' धरलं. सूर असा नाहीच, नुसते सांधे. बाबा आतून म्हणाले, 'पंचेचाळीस असेल.' आई म्हणाली, 'पुरे आता, पोळ्या वाढते.'

ते परत जायच्या आधी एका रात्री आम्ही कॅरी स्टेशनवर गेलो. न्यूयॉर्क-मायामी गाडी २०२४ पर्यंत त्याच जुन्या रुळांवरून येऊन इथं थांबायची. नाव वेगळं, डबे चांदीच्या रंगाचे. फलाटावर आम्ही दोघं, एक विद्यार्थी बॅकपॅक घेऊन, आणि एक म्हातारी बाई उशी काखेत मारून. गाडी सव्वा तास लेट. बाबांना ही बातमी ऐकून अगदी घरच्यासारखं वाटलं. ते फलाटाच्या टोकाला जाऊन, टॉर्च मारून खडी बघून आले. 'काँक्रीटचे स्लीपर कमी आहेत. लाकडीच.' मग, 'पण वेल्डेड आहे सगळं. मोजता नाही येणार.' अमेरिकेत रुळाचा जुना तुकडा एकोणचाळीस फुटांचा असायचा. तिथं ४७ नाही, साडेसव्वीस सेकंद मोजायचे आणि वेग मैलांत यायचा. हे मी त्यांना आदल्या रात्री हिशेब करून दाखवलं होतं आणि ते परत स्वतः करून त्यांनी खात्री करून घेतली होती. ते सगळं वाया. लांब रूळ वितळवून जोडले की सांधा संपतो, गाडी नुसती सरपटत जाते.

ती आली. भोंगा वाजला, शिट्टी नाही. उशीवाली बाई चढली, विद्यार्थी चढला, दारं बंद झाली. गाडी हलली तशी बाबांनी घड्याळ मनगटावरून उतरवून हातात घेतलं, कानाशी धरावं तसं धरून उभे राहिले. डबे समोरून जायला लागले. एक खिडकी, एक डोकं, एक निळा उजेड, परत खिडकी. आवाज काहीच नाही, नुसता वारा आणि घरघर.

कॅरीला दोन मार्ग एकत्र येतात, त्यामुळे स्टेशनाच्या पुढं रुळांची कात्री आहे. शेवटचे डबे तिथून गेले.

खटाक्-खट्. खटाक्-खट्. खटाक्-खट्.

'हां,' बाबा म्हणाले, आणि घड्याळ परत बांधलं.